मांजराच्या अंगावर पडलं ते त्याच्या पोटात जातं : बंदीच्या दिवसांत घरच्या मांजराची निगा



१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी. मालिम असो, खारीवाडा असो, कुटबण नाही तर शापोरा, या दोन महिन्यांत सगळीकडे तेच चित्र असतं. बोटी नांगरलेल्या किंवा वर ओढलेल्या, इंजिनं खोललेली, कुठे रंगाचे डबे उघडलेले, ओसरीवर जाळ्यांचे ढीग. आणि त्या ढिगावर अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं घरचं मांजर.

आपल्याकडे मांजर निव्वळ हौसेसाठी कोणी पाळत नाही. जाळ्याच्या खोलीत उंदीर शिरला की एका रात्रीत हजारोंचं नुकसान. मासळीचा वास राहिलेलं नायलॉनचं जाळं तो बरोबर कुरतडतो, आणि ते कळतं ऑगस्टात, जाळं पाण्यात टाकताना. शिवाय पावसात उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो तो वेगळाच. म्हणजे घरातलं मांजर हे बिनपगारी राखणदार. पण त्याची निगा म्हटली की आपण म्हणतो, "मांजर आपलं आपण चाटून साफ होतं, त्याला काय करायचं?"

हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसलं, तर बोटवाल्यांच्या घरातली मांजरं हकनाक मरतात. म्हणून आज हा मोठा लेख. एका दमात वाचून झाला नाही तर जपून ठेवा. घरात मुलं असतील तर त्यांना वाचायला द्या, कारण मांजराला हात लावणारे जास्त करून तेच असतात.

चाटणं म्हणजे नेमकं काय

मांजराची जीभ हाताला खरखरीत लागते. तिच्यावर बारीक बारीक आकड्या असतात, सगळ्या घशाच्या दिशेने वळलेल्या. त्या आपल्या नखासारख्याच टणक पदार्थाच्या बनलेल्या असतात. चाटताना त्या केसांत शिरतात, मळ, सुटे केस, पिसवा ओढून काढतात. पण आकड्या आतल्या बाजूला वळलेल्या असल्यामुळे जिभेवर आलेलं मांजराला सहज थुंकून टाकता येत नाही. ते गिळलंच जातं.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा : मांजराच्या अंगावर जे पडतं, ते थोड्या वेळाने त्याच्या पोटात जातं. डिझेल असो, रंग असो, गोचिडाचं औषध असो. कुत्र्याच्या अंगावर डिझेल सांडलं तर ते बरंचसं अंगावरच राहतं. मांजर मात्र ते चाटून साफ करायला बसतं.

दुसरी गोष्ट त्याच्या यकृताची. आपलं यकृत काही औषधं आणि रसायनं एका ठराविक पद्धतीने निकामी करून शरीराबाहेर टाकतं. मांजरात ती सोय फार कमी असते. त्यामुळे माणसाला, कुत्र्याला किंवा गुरांना चालणारी बरीच औषधं मांजराला विष ठरतात.

या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचं सगळं आपोआप समजतं.

रोज दोन मिनिटं, नुसता हात फिरवायचा

कंगव्याच्या आधी हात. संध्याकाळी मांजर जवळ येऊन बसतं तेव्हा डोक्यापासून शेपटापर्यंत सावकाश हात फिरवा. मग पोटाखालून, काखेतून, शेवटी चारही पाय. काय बघायचं ते असं :

- कुठे चिकट किंवा तेलकट लागतंय का? डिझेल, ग्रीस, ऑइलचा वास येतोय का?
- कुठे गाठ, सूज, खपली आहे का? बोक्यांच्या भांडणात दाताची बारीक जखम वरून बुजते आणि आत पू होतो. दोन दिवसांनी तिथे फुगवटा येतो.
- पायाला किंवा बोटांच्या बेचक्यात जाळ्याचा धागा गुंडाळलाय का? मोनोफिलामेंटचा धागा केसांत दिसतच नाही. तो आवळत जातो, रक्त थांबतं, पंजा सुजतो. लवकर लक्षात आलं तर कात्रीने अलगद कापून सुटतो. उशीर झाला तर पाय जायची वेळ येते.
- गळ्यात काही बांधलंय का? मुलं हौसेने तंगूस नाही तर सुतळी बांधून घुंगरू लावतात. पिल्लू वाढतं, दोरी वाढत नाही. ती कातडीत रुतते. कुंपणात अडकली तर फासच. गळ्यात काहीच न बांधलेलं बरं. बांधायचंच तर ओढ बसल्यावर आपोआप सुटणारा पट्टा मिळतो, तो घ्या.

रोज हात लागायची सवय असलेलं मांजर आजारपणातही हात लावू देतं. पिल्लू लहान आहे तेव्हापासून पंजे, कान, तोंड हाताळायची सवय लावा. मोठेपणी नव्याने शिकवायला फार वेळ लागतो.

कंगवा किती आणि कसा

आपल्याकडची बहुतेक मांजरं आखूड केसांची. त्यांना आठवड्यातून एकदा कंगवा पुरतो. केस गळायच्या दिवसांत दोन-तीनदा करा. हल्ली घरोघरी लांब केसांची पर्शियन मांजरं आली आहेत, त्यांना मात्र रोज विंचरावं लागतं. आपल्या दमट हवेत त्यांच्या केसांचा लगेच गुंता होतो.

केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने विंचरायचं. सुरुवात पाठीवर, कारण तिथे मांजराला आवडतं. पोट आणि मांड्या शेवटी, तेही त्याने करू दिलं तर. शेपूट आपटायला लागलं, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली की थांबायचं. "एवढं संपवू या" म्हणून धरून ठेवलं की ओरखडा ठरलेला, आणि पुढच्या वेळी कंगवा दिसताच मांजर माळ्यावर. पाच मिनिटं चांगली झाली तर तेवढी पुरे.

गुंता झाला तर कात्री लावू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गुंत्याबरोबर ती वर उचलली जाते आणि कात्रीखाली येते. टाके पडायची वेळ येते. गुंता मुळाशी दोन बोटांत धरा, म्हणजे कातडी ओढली जाणार नाही. मग टोकाकडून थोडा थोडा कंगव्याने सोडवा. अगदी घट्ट जट झाली असेल तर दवाखान्यात मशीनने काढून घ्यावी.

विंचरल्याचा आणखी एक फायदा. जेवढे सुटे केस कंगव्यात येतात तेवढे पोटात जात नाहीत. मांजर कधीमधी केसांची लांबट गुंडाळी ओकून टाकतं, त्यात काळजीचं काही नाही. पण वरचेवर उबळ येतेय, काहीच बाहेर पडत नाही, खाणं बंद झालंय, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

नखं

बाहेर फिरणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या मांजराची नखं आपोआप झिजतात. त्याला कुत्र्यांपासून जीव वाचवायला आणि उंदीर धरायला ती लागतातच. अशा मांजराची नखं उगाच कापू नका.

कापायची ती घरातच असणाऱ्या मांजराची, आणि म्हाताऱ्या मांजराची. म्हातारपणी नखं जाड होतात, वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात. मांजर लंगडतं तेव्हा कुठे आपल्याला कळतं.

पुढच्या पायाला पाच नखं, मागच्या पायाला चार. पुढच्या पायाचं पाचवं नखं आतल्या बाजूला जरा वर असतं. ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, आणि विसरलं जातं ते हेच. पंजा हातात घेऊन गादीवर हलकं दाबा, नख बाहेर येतं. उजेडात धरलं की आत गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्त आणि नस असते. त्याच्या पुढचं पांढरं टोक तेवढंच कापायचं. चुकून रक्त आलंच तर चिमूटभर मैदा नाही तर कॉर्नफ्लॉवर लावून दोन मिनिटं दाबून धरा. एका दिवशी चारही पाय झाले पाहिजेत असं काही नाही. आज एक पंजा, उद्या दुसरा.

कान आणि डोळे

कानाचा दिसणारा भाग ओल्या मऊ कापडाने पुसा. काडीला कापूस लावून आत घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो. कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा चुरा असेल आणि मांजर सारखं कान खाजवत, डोकं झटकत असेल, तर त्या कानातल्या बारीक किडी. त्या एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातात. कानात तेल ओतू नका. डॉक्टर मांजरासाठीचं औषध देतात.

डोळ्यांतली चिपाडं कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने नाकाकडून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळं कापड. मिशा कधीही कापू नका. अंधारात वाट काढायला मांजराला त्यांचा उपयोग होतो.

आंघोळ हवी का?

निरोगी, आखूड केसांच्या मांजराला आंघोळीची गरज नसते. मासळीच्या पाण्यात लोळून आलं, खवलं चिकटली, तर ओल्या पंचाने पुसून घेतलं तरी पुरतं. पावसाळ्यात हे पुसणं टाळू नका. मासळीच्या वासावर माशा येतात, आणि अंगावर जखम असली तर तिच्यात अंडी घालून अळ्या पडतात.

आंघोळ घालायचीच वेळ आली, म्हणजे अंगावर डिझेल वगैरे सांडलं असेल तर, रीत अशी :

१. दार-खिडकी बंद. दोन माणसं. एकाने खांद्यापाशी धरायचं, दुसऱ्याने धुवायचं.
२. टबाच्या तळाशी जुना टॉवेल पसरा. पाय घसरले की मांजर घाबरतं, आणि घाबरलं की ओरबाडतं.
३. पाणी कोमट, पोटापर्यंत. नळाची धार किंवा पाइप नको, मगने हळूहळू ओता.
४. डोक्यावर पाणी नको. तोंड ओल्या कापडाने पुसा.
५. फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. राहिलेला साबणही ते चाटणार, हे विसरू नका.
६. टॉवेलमध्ये गुंडाळून कोरडं करा आणि वारा नसलेल्या जागी ठेवा.

माणसाचा शाम्पू रोजच्या वापराला नको. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक आणि फिनेल तर मुळीच नको. त्यांतले घटक मांजराला जिभेवरून आणि कातडीतूनही बाधतात. कापूर, निलगिरीचं तेल आणि डांबराच्या गोळ्याही तशाच. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला पाण्यात बुडवू नका, ते लगेच गारठतं. ओल्या कोमट कापडाने पुसून पटकन कोरडं करा.

डिझेल, ऑइल, डांबर, रंग

हा भाग खास आपल्यासाठी. मांजराला ऊब आवडते. काम करून ठेवलेल्या इंजिनाजवळ, ऑइलच्या चिंध्यांवर, नुकत्या रंगवलेल्या बोटीच्या सावलीत ते जाऊन झोपतं.

डिझेल किंवा रॉकेल अंगावर पडलं तर दोन धोके. एक, कातडी भाजल्यासारखी होते. दुसरा मोठा : चाटताना ते पातळ तेल श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. बोटीच्या तळाला लावायच्या रंगात शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचं संयुग घातलेलं असतं. समुद्री जीवांना मारण्यासाठीच ते असतं, मांजराच्या पोटाला कसं चालेल? काजूच्या टरफलाचं तेल होडीला लावणारे आपल्यात अजून आहेत. ते आपल्या हाताला लागलं की फोड येतात, तेव्हा मांजराच्या जिभेचं काय होत असेल ते बघा. फायबरच्या बोटीचं काम चालू असेल तर काचतंतूची धूळ केसांत बसते, ती ओल्या कापडाने पुसून काढा.

काय करायचं :

- सर्वात आधी चाटणं थांबवा. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर.
- सुक्या कापडाने, कागदाने जेवढं टिपता येईल तेवढं टिपा. चोळू नका.
- डिझेल, ऑइल, ग्रीस असेल तर भांडी घासायचा लिक्विड साबण थोडा घेऊन कोमट पाण्याने धुवा. लागलं तर दोन-तीनदा.
- डांबर, ओला ऑइलपेंट असेल तर आधी खायचं तेल चोळून मऊ करा, पुसून काढा, मग साबणाने धुवा. सुकून कडक झालेला रंग असेल तर फक्त टोकाचे केस जपून कापा, कातडीपासून लांब.
- रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर, पेट्रोल वापरू नका. रंग निघेल, पण त्याच्या जागी आणखी मोठं विष अंगावर बसेल.
- पोटात गेलंय असं वाटलं तरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजू नका. उलटी होताना तेच तेल फुप्फुसात जातं.
- खोकला, धाप, तोंड उघडं टाकून श्वास, लाळ गळणं, सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना.

सोपी खबरदारी : ऑइलच्या चिंध्या झाकणाच्या डब्यात, रंगाचे डबे बंद, वापरलेलं ऑइल उघड्या टबात ठेवू नका. हे मांजरासाठी म्हणून नाही, घरातल्या रांगत्या मुलासाठीही तितकंच.

गळ आणि तंगूस

गळाला मासळीचा वास असतो. मांजर तो चाटतं, ओठात नाही तर जिभेत अडकवून घेतं. गळाला उलटा काटा असतो हे आपल्याला सांगायला नको. ओढला की मांस फाटतं. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा आणि डॉक्टरांकडे न्या. तिथे भूल देऊन काटा पुढे ढकलून कापतात आणि मग काढतात.

तंगूस किंवा शिवायचा दोरा गिळला असेल तर तो तोंडातून लोंबताना दिसतो, कधी शेपटाखाली दिसतो. तो ओढू नका. आत एक टोक जिभेखाली नाही तर पोटात अडकलेलं असतं आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा झालेलं असतं. ओढलं की दोरा सुरीसारखा आतडं कापतो. दोरा आहे तसा ठेवा आणि मांजर घेऊन जा.

जाळी सांधायला बसलात की कापलेले तुकडे एका बाटलीत टाकायची सवय करा. उठताना बाटलीला झाकण लावा.

पिसवा आणि गोचीड : सर्वात जास्त चुका इथेच

पावसाळ्यात पिसवा वाढतात. ओळखायची सोपी पद्धत : उवांची फणी शेपटाच्या मुळाशी फिरवा. काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापडावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. रोज फणी आणि मांजराचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात, एवढ्यानेही बराच फरक पडतो. अंथरूण धुतलं नाही तर औषधाचाही उपयोग नाही, कारण पिसवांची अंडी आणि अळ्या तिथेच असतात. शेपटाखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही दिसलं तर ते पिसवांमुळे झालेले पट्टकृमी. त्याचं औषध डॉक्टरांकडून घ्या.

आता नीट वाचा. कुत्र्याच्या गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं द्रव्य असतं. कुत्रा ते पचवतो, मांजर पचवू शकत नाही. "कुत्र्याला अख्खं, मांजराला अर्धं" हा हिशेबच चुकीचा आहे, थोडंसंही जीव घेऊ शकतं. काही तासांत मांजर थरथरायला लागतं, कान-चेहरा फडफडतो, मग झटके. गुरांच्या गोचिडाची औषधंही तशीच घातक. घरात कुत्रा-मांजर एकत्र झोपत असतील तर कुत्र्याला औषध लावल्यावर ते पूर्ण सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा, आणि कुत्र्यासाठी कुठलं औषध घ्यायचं ते घरात मांजर आहे असं सांगूनच विचारा.

चुकून लावलंच गेलं तर वाट बघू नका. भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, गुंडाळा, दवाखान्यात न्या, आणि औषधाची पुडी-बाटली बरोबर न्या. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ न घालवता आधी दवाखाना. मांजरासाठीची वेगळी औषधं मिळतात. खोक्यावर मांजराचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

पॅरासिटामॉल देऊ नका

मांजर तापलंय, लंगडतंय म्हणून घरातली तापाची गोळी कुटून दुधातून दिली जाते. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड सुजतं, धाप लागते. माणसाची कुठलीही दुखण्याची गोळी मांजराला नको. गोळी पोटात गेली असं कळलं की लक्षणं दिसायची वाट न बघता लगेच न्या, लवकर गेलं तर उपाय असतो.

आपल्याला काय होऊ शकतं

मांजराच्या अंगावर गोल चकंदळी, केस गेलेले, कडेला कोंडा, असं दिसलं तर तो गजकर्ण. तो मुलांना लागतो, आणि मुलांकडून घरभर फिरतो. मांजराला वेगळं ठेवा, हात धुवा, दोघांचीही औषधं करा. नुसतं मुलाला मलम लावून भागत नाही.

मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, पण ते लसीच्या जोरावर, आणि लस चालू आहे तोपर्यंतच ते टिकणार. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. मांजर फक्त घरात असतं म्हणून लस चुकवू नका.

केस चमकायला खाणं

"आमचं मांजर फक्त तारले खातं" असं आपण कौतुकाने सांगतो. पण महिनोन्‌महिने फक्त तारले-बांगड्यांसारखी तेलकट मासळी दिली तर शरीरातलं ई जीवनसत्त्व कमी पडतं आणि कातडीखालच्या चरबीला सूज येते. केस तेलकट, निस्तेज दिसतात, आणि पाठीवर हात फिरवला तरी मांजर कळवळतं. त्यात काही कच्च्या मासळीत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, शिजवल्यावर ते जातं. म्हणून मासळी शिजवून, काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय द्या, आणि आलटून पालटून कोंबडी, अंडं किंवा मांजराचं तयार खाणंही द्या. खारवलेली सुकी मासळी नको.

चाटणं बंद झालं तर

शेवटचं आणि महत्त्वाचं. नेहमी टापटीप असणारं मांजर अचानक अस्ताव्यस्त दिसायला लागलं, केस उभे, पाठीवर कोंडा, तर ते आळशी झालेलं नाही. दात दुखत असतील, सांधे धरले असतील, वजन फार वाढलं असेल, किंवा आत काही आजार असेल. उलट एकच जागा चाटून चाटून टक्कल पाडत असेल तर पिसवा, खाज किंवा दुखणं. दोन्ही वेळा डॉक्टरांना दाखवा. मांजर आजार लपवतं. त्याच्या केसांवरून तो सर्वात आधी कळतो.

घरात एका डब्यात हे ठेवा

- कंगवा आणि उवांची फणी
- जुना जाड टॉवेल, मऊ कापडाचे तुकडे
- नेलकटर, थोडा मैदा
- भांडी घासायचा लिक्विड साबण
- जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि एका खासगी डॉक्टरचा नंबर, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून. रात्री-अपरात्री कोण फोन उचलतं ते आजच विचारून ठेवा.

बंदीचे अजून दिवस आहेत. जाळी सांधून होतील, इंजिनं जुळतील, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की पुन्हा सगळे कामाला. तोवर रोज संध्याकाळी दोन मिनिटं मांजराच्या पाठीवर हात फिरवा. आणि निदान दोन गोष्टी तरी आपल्या वाड्यावर सगळ्यांना सांगा : कुत्र्याचं औषध मांजराला नाही, आणि लोंबणारा दोरा ओढायचा नाही.

आपल्या बोटीच्या ग्रुपवर, खलाश्यांना, तांडेलांना ही पोस्ट पाठवा. तुमच्या मांजराबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, संस्थेतर्फे पशुवैद्यकांना विचारून उत्तर देऊ. पण लक्षणं गंभीर असतील तर इथे लिहून उत्तराची वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.